बाबांच्या भिंती

यादीतली शेवटून दुसरी ओळ अनुयाने पुसून टाकली आणि तिथे बाबांच्या पानाचा पत्ता चिकटवला. मग हात मांडीवर ठेवून ती जरा वेळ पडद्याकडे बघत बसली. पुसलेल्या ओळीत कुणा जर्मन माणसाने केलेला ढगांच्या आकाराच्या बटणांचा संच होता. त्याच्यावाचून जगाचं काही अडणार नव्हतं.

सोमवारची दुपार होती. जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या त्या ऑफिसात कूलरसमोरची खुर्ची ज्याने पटकावली तो सुखी, बाकीचे सगळे घामाघूम. खाली तयार कपड्यांचा कारखाना आणि वर वेबसाइट बनवणारी ही मूठभर माणसं. दर सोमवारी कंपनीच्या ब्लॉगवर डिझायनर लोकांसाठी एक यादी लावायची, हे अनुयाचं काम. आठवडाभरात नवं काय आलं, कोणता फॉन्ट फुकट मिळतोय, कोणत्या ब्राउझरने नव्या आवृत्तीत सगळ्यांची झोप उडवली, नव्या फोनसाठी ॲप करायचं तर चिन्हांचे साचे कुठे मिळतील, असं सगळं. सुरुवातीला हे काम कुणालाच नको होतं म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं. पण पोरीला त्याचा नादच लागला. आठवडाभर ती इंटरनेटचे कानेकोपरे धुंडाळायची, आणि काही चांगलं सापडलं की ते स्वतःपाशी ठेवणं तिच्याने व्हायचंच नाही. वर्षभरात ती यादी कुठल्या कुठे जाऊन पोचली. ब्राझीलमधले आणि फिनलंडमधले लोक सोमवारची वाट बघू लागले. कंपनीचे मालक शेखावतजी पाहुण्यांना तिची ओळखच "हमारी मंडे वाली मॅडम" अशी करून द्यायचे.

त्या वर्षी डिझायनर मंडळींना वेड लागलं होतं ते मळक्या, पोपडे उडालेल्या पृष्ठभागांचं. काचेसारख्या चकचकीत बटणांना सगळे विटले होते. वेबसाइटच्या पाठीमागे लावायला कुणाला गंजका पत्रा हवा होता, कुणाला जुना पिवळा कागद, कुणाला भिंत. आणि भिंती तर अनुयाच्या घरातच होत्या, अगदी ढिगाने.

तिचे वडील, सदाशिवराव, मूळचे मिरजेचे. विमा कंपनीत अधिकारी होते. बदली होऊन जयपूरला आले, पुढची बदली मुलांच्या शाळेसाठी टाळली, त्याच्या पुढची आणखी कशासाठी तरी, आणि शेवटी जवाहर नगरातच मुक्काम पडला. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना, म्हणून अनुयाने त्यांना डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. बाकीचे लोक नातवंडांचे फोटो काढतात, फार तर मोरांचे. बाबा भिंतींचे काढू लागले. सकाळी फिरायला गेले की येताना एक भिंत घेऊन यायचे. कधी चुना सुटलेली, कधी निवडणुकीच्या पत्रकांचे थरावर थर चढलेली, कधी नुसतीच उन्हाने विटलेली गुलाबी. एका सुट्टीत अनुयाने त्यांना इंटरनेटवर एक साधं पान करून दिलं. पांढऱ्या जागेवर रोज एक फोटो, खाली तारीख. नाव नाही, गाव नाही, माहितीचं एक अक्षर नाही. पानाच्या तळाशी तिने जगाचा छोटासा नकाशा बसवला होता. कुणी पान उघडलं की त्याच्या गावावर लाल ठिपका उमटायचा आणि दिवसभराने पुसला जायचा.

रोज सकाळी चहा झाला की बाबा चष्मा बदलून कॉम्प्युटरसमोर बसायचे, नवा फोटो चढवायचे आणि मग नकाशा बघायचे. जयपूरवर एक ठिपका असायचाच, तो त्यांचा स्वतःचाच. पुण्यावर अधूनमधून एखादा, तो आतेभावाचा. आणि एक पार तिकडे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. तेवढं बघून झालं की "चला" म्हणून ते उठायचे आणि दाढीला बसायचे.

त्या किनाऱ्यावर अनिमेष राहत होता, अनुयाचा मोठा भाऊ. दोन वर्षांत परत येतो असं सांगून गेला आणि चौथ्या वर्षी फोनवर म्हणाला, आता इथेच राहायचं ठरवलंय. बाबा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "मग मला फोन कशाला करतोस?" रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलून जातो. पण या घरात वडिलांचा शब्द खाली पडू द्यायची रीत नव्हती, आणि अनिमेषने नेमका हाच शब्द पाळला. तेव्हापासून रविवारी सकाळी फोन यायचा तो आईला, अलकाताईंना, आणि त्या वेळेला बाबा पिशवी घेऊन भाजीला गेलेले असायचे. परत आले की भाजी निवडता निवडता आई कुणालाच उद्देशून नाही असं सगळं मोठ्याने सांगायची. त्याची नोकरी, त्याचं नवं घर, त्याचा न जाणारा खोकला. बाबा समोर पेपर धरून बसायचे आणि पान उलटायचं विसरायचे.

हे सगळं अनुयाला माहीत होतं. नकाशावरचा तो ठिपकाही माहीत होता. नकाशा तिनेच तर बसवला होता. पण दोन आणि दोन चार करायलासुद्धा माणसाला जरा थांबावं लागतं, आणि अनुया थांबणाऱ्यातली नव्हती. तिला दिसत होतं ते एवढंच की आपले बाबा इतक्या देखण्या भिंती मांडून बसतात आणि बघायला येतात ती तीन टाळकी. तिला ते मनातून लागायचं.

म्हणून तिने त्या पत्त्याखाली दोन ओळी लिहिल्या. जयपूरच्या खऱ्या भिंती, मोठ्या आकारात, हव्या तिथे वापरा, फुकट. बाबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि तिला त्यांना चकित करायचं होतं. तिने यादी लावून टाकली आणि कूलरसमोरची खुर्ची रिकामी झालीय का ते बघायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कॉम्प्युटरसमोर बसले तेव्हा ती मुद्दाम दाराशी रेंगाळली, तोंडात ब्रश तसाच. नकाशा गोवर आलेल्या पोराच्या पाठीसारखा लाल झाला होता. युरोप तर दिसतच नव्हता. बाबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि हे यंत्र बिघडलंय का म्हणून तिला विचारलं. ती चूळ भरून धावत आली आणि तिने सगळं सांगितलं. यादी कशी जाते, कुठकुठे जाते, लोक कसे तुटून पडलेत. बाबा "असं होय" म्हणाले. बरं झालं, असंही म्हणाले. मग नकाशा मोठा करता येतो का विचारलं. तिने हौसेने करून दिला. बाबा अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर अगदी नाक टेकेल इतके वाकले. तिथेही ठिपक्यांवर ठिपके चढले होते, आणि मधलं काही वेगळं काढता येत नव्हतं.

"सगळे तिकडचेच दिसतात," ते म्हणाले.

"तिकडेच तर असतात ना बाबा. मतलब, आमच्या लाइनमधले सगळे."

बाबांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी नवा फोटो चढवला नाही. उजेड बरोबर नव्हता म्हणाले. मे महिन्यात, जयपुरात.

ऑफिसात मात्र दिवाळी होती. शेखावतजी स्वतः तिच्या टेबलाशी येऊन "अनुयाजी, पापाजी तो छा गए" म्हणून गेले आणि सगळ्यांसाठी कचोरी मागवली. दुसऱ्या याद्यांनी तिच्या यादीतून पत्ता उचलला, त्यांच्यावरून तिसऱ्यांनी. पानावर निरोप येऊ लागले. पोर्तुगालमधल्या कुणी आपल्या गाण्याच्या चमूच्या वेबसाइटला ती विटलेली गुलाबी भिंत लावली होती. कॅनडातल्या एका मुलीने फोनवर चालणारं हिशेबाचं ॲप केलं होतं आणि त्याच्या आकड्यांमागे चुन्याचे पोपडे होते. एकाने लिहिलं होतं, भिंती छान आहेत, पण अजून जरा घाण चालतील. अनुया जेवताना एकेक निरोप मराठीत करून सांगायची. बाबा ऐकायचे, शेजारच्या मुलाचे मार्क ऐकावेत तसे, सौजन्याने.

आठवडा उलटला, दुसरी यादी लागली, तरी कॅमेरा कपाटातून बाहेर आला नाही. सकाळचा चहा झाला की बाबा सरळ दाढीला बसू लागले. शेवटी अनुयाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. स्वयंपाकघरात आई लसूण सोलत बसली होती, तिच्यावर तिने सगळा राग काढला. जगात माणसं जिवाचं रान करतात, कुणीतरी आपल्याकडे बघावं म्हणून. आणि इथे एवढं आयतं चालून आलंय, तर या माणसाला त्याचं काही कौतुकच नाही. उलट तोंड फिरवून बसलेत.

आईने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या.

"तुला खरंच कळलं नाही का गं?"

"काय?"

"तिकडचा तो एक ठिपका अनिमेषचा होता. त्याच्यासाठीच तर मांडला होता सगळा पसारा."

मग आईने सांगितलं. पान झालं त्याच रविवारी तिने फोनवर त्याचा पत्ता अनिमेषच्या कानावर घातला होता, सहज, बोलता बोलता. तो नुसतं "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून ठिपका सुरू झाला. ह्यांनी कधी विषय काढला नाही, त्याने कधी काढला नाही. पण मध्ये अनिमेष तापाने पडला होता, तेव्हा काही दिवस तो किनारा रिकामा राहिला. तितके दिवस ह्यांना जेवण गेलं नव्हतं, आणि ठिपका परत दिसला त्या दिवशी आपणहून उठून शिरा मागितला होता.

"तेव्हा मी काय ते ओळखलं," आई म्हणाली. "पण बोलले नाही कुणाशी. बोलले असते तर दोघांनीही बंद केलं असतं."

अनुयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच ओट्याला टेकून उभी राहिली आणि आईच्या वाटीतली एकेक पाकळी उचलून परत टाकत राहिली. बाबांच्या घरात ज्या दाराने एक माणूस येत होता, ते दार आपण सताड उघडून सगळा बाजार आत घेतला, आणि वर कौतुकाची वाट बघत बसलो. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. चांगलं दिसलं की जगाला सांगून मोकळं व्हायचं, ही खोड तिचीच.

ऑफिसात गेल्या गेल्या तिने जुन्या यादीतून ती ओळ काढून टाकली. उपयोग शून्य, कारण आता ती शंभर ठिकाणी होती. मग तिने पानाच्या नोंदी उपसल्या. कोण कुठून आलं, कधी आलं, सगळं त्यात असतं. पण अनिमेषच्या त्या एका शहरातून दिवसाला शेकडो माणसं येत होती. जगातल्या सगळ्या डिझायनरांनी त्याच गावात घर करायचं ठरवल्यासारखी. त्यातला आपला भाऊ कोणता, हे ओळखायची काही सोय नव्हती. दोन दिवस डोकं शिणवल्यावर तिला एक युक्ती सुचली, आणि ती घरी आली तेव्हा बाबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते.

"बाबा, पानाला कुलूप लावता येतं. पासवर्ड. मतलब, ज्याला आपण देऊ तोच उघडू शकेल," ती म्हणाली. "तुम्ही आणि दादा. बास. मग परत एकच ठिपका राहील तिकडे."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. हातातली झारी तशीच कललेली होती आणि कुंडी भरून पाणी खाली वाहायला लागलं, तेव्हा त्यांनी ती सरळ केली. तिला कळलंय, एवढं त्यांना समजलं. ते नाकबूल गेले नाहीत.

"त्याला तो द्यावा लागेल ना?"

"मी देते."

"मग तो बोलावल्यावर आला, असं होईल." त्यांनी झारी खाली ठेवली. "आपणहून यायचा, अनुया. त्यातच सगळं होतं."

त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. ते ओरडले असते, निदान एखादा टोमणा मारला असता, तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, तू चांगल्यासाठीच केलंस गं. ते वाक्य मात्र तिला झेपलं नाही. ती आत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

त्या रविवारी बाबा नेहमीसारखे भाजीला गेले आणि फोन आला, तेव्हा आईच्या हातून रिसीव्हर अनुयाने घेतला. आडपडदा न ठेवता विचारलं, दादा, तू बाबांचं पान बघतोस का.

"बघायचो," अनिमेष म्हणाला. "आता नाही बघत."

"का?"

"गर्दी झाली गं तिथे."

मग तो हळूहळू बोलत गेला. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक भिंत लावली होती. कुठल्याशा भारतीय साइटवर मिळाली म्हणून त्याला दाखवत होता. ती अनिमेषच्या शाळेची मागची भिंत होती, कोळशाने स्टंप काढलेली, आणि ते स्टंप त्याने काढलेले नसले तरी त्याच जागी होते. त्या माणसाला काय सांगायचं? पानावरचा पहिलाच फोटो गल्लीच्या कोपऱ्याचा होता, जिथे सायकल शिकताना त्याने कपाळमोक्ष करून घेतला होता आणि बाबांनी त्याला उचलून घरी आणलं होतं. नंतर कानोत्याच्या धरणाचा दगडी कठडा. तिथे सहलीला गेले की दोघं बापलेक पाय खाली सोडून बसायचे आणि आई मागून ओरडायची. मग ट्यूशनवाल्या सरांच्या घराचं कुंपण. सुरुवातीला त्याला योगायोग वाटला. पुढे पुढे तो सकाळी ऑफिसात गेला की आधी तेच उघडायचा, आज कोणती भिंत आहे ते बघायला.

"मला वाटायचं, बाबा मलाच दाखवतायत," तो म्हणाला. "बोलायला नको, काही नको. आता उघडलं की खाली चार लोक लिहिणार, छान आहे, अजून टाका. मग वाटलं, नाही, ते आपले सगळ्यांसाठीच टाकत होते. आपणच वेडे."

अनुया तेव्हा लहान होती. तिच्या लेखी भिंत म्हणजे भिंत. तिने त्या सगळ्या जगाला वाटून टाकल्या होत्या, मोठ्या आकारात, फुकट.

"तुलाच दाखवत होते, दादा. आणि तू आलास की ते रोज नकाशावर बघायचे."

"त्यांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. अनिमेषने विचारलं, पुढच्या रविवारी बाबांना घरी थांबायला सांगशील का. सांगते म्हणाली, आणि फोन ठेवताना तिला कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घ्यावासा वाटला. बिघडवलं आपण, पण निस्तरलंही आपणच. निरोप ऐकून बाबा "बघू" एवढंच म्हणाले. पण शनिवारी संध्याकाळीच ते जाऊन भाजी घेऊन आले, आणि रविवारी सकाळी घरातल्या बनियनवर न बसता त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

फोन वाजला. आई दोन वाक्यं बोलली आणि तिने रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. बाबा उभे राहून बोलले, साहेबांचा फोन आल्यासारखे. आई आणि अनुया स्वयंपाकघरात गेल्या. गॅसवर दूध ठेवलं होतं. आईने वाहता नळ बंद केला, म्हणजे बाहेरचं ऐकू यावं.

ऐकण्यासारखं फार नव्हतं. हां, बोल. तब्येत बरी आहे. इथेही तसंच. नाही, आता गोळी चालू आहे. हो, अनुया पण बरी आहे. कामाचं बरं चाललंय ना? मग, ठीक, ठेव आता, बिल वाढत असेल तुझं. दूध वर यायच्या आत सगळं आटोपलं होतं.

अनुया बाहेर आली तेव्हा बाबा फोनजवळच्या खुर्चीत बसले होते.

"काय म्हणाला दादा?"

"बरा आहे म्हणाला. आवाज जाड झालाय त्याचा, आधी ओळखूच आला नाही मला." त्यांनी शर्टाची बाही उगाच सारखी केली. "आता माझ्याशीही बोलत जाणार आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी."

"छान झालं ना, बाबा."

"छानच झालं," बाबा म्हणाले. आई दुधाचं पातेलं उतरवत होती, त्याचा आवाज आला. मग अनुयाकडे न बघता ते म्हणाले, "रोज यायचा गं."